व्याह्यांच्या चिरुटांची पेटी

रणजीतच्या पोराचं बारसं झालं आणि त्याच बारशात, पाळण्याची दोरी हातात धरून, आत्या उत्कर्षानं "मी माझं लग्न ठरवलंय" असं सांगून टाकलं, ते साल १९९६. बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या. बाळाच्या कानात सांगायचं नाव ऐन वेळी कुणालाच आठवेना. गडबडीत कोणीतरी 'सनी' म्हणालं आणि तेच राहिलं.

मुलीचा बाप कोंडिबा शेडगे हा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी टोळीचा मुकादम. माणूस मूळचा साताऱ्याकडचा. अर्धं आयुष्य पाठीवर गोणी वाहण्यात गेलं आणि उरलेलं गोणी कशी वाहावी हे दुसऱ्यांना सांगण्यात चाललं होतं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पोरगा कुठला?"

"इथलाच, आप्पा. खाडीकडच्या गावातला. माझ्याच ऑफिसात आहे, बेलापूरला. हरेश नाव."

"म्हंजी आगरी?"

"हो."

"आपण घाटावरची माणसं, उत्कर्षा."

"मी वाशीची आहे," उत्कर्षा म्हणाली.

पुढच्या रविवारी हरेश घरी आला आणि रंगूबाईच्या हातचा खर्डा पाणी न मागता खाऊन गेला. रंगूबाईचा विरोध तिथंच संपला. बायकोचा संपल्यावर कोंडिबाचा किती टिकणार? तो आठवड्यानं संपला.

मग मुलाचं घर बघायला सगळे गेले. हरेशच्या बापाची, नामाशेठची, जिथं पूर्वी भातशेती होती तिथं आता तीन मजली इमारत होती. दारावर मोठ्या अक्षरांत 'बायजा निवास' असं कोरलं होतं. जिचं नाव कोरलं होतं ती बायजाबाई, म्हणजे नामाशेठची आई, आत झोपाळ्यावर बसली होती. तिनं उत्कर्षाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, "बगू" एवढंच म्हणाली आणि झोपाळ्याला पायानं रेटा दिला.

नामाशेठनं कोंडिबाला बाजूला घेतलं. "मुकादम, आमाला पोरगी पसंत हाय. पन आमचे घरान रीत हाय. साखरपुऱ्याला पयला कुकू आये लावतं. आयेनी लावला का झाला. नाय लावला तं मी पन काय करू शकत नाय. तिला राजी ठेवाला पायजे."

उत्कर्षानं ते ऐकलं. तिचा चेहरा तेव्हापासून जो उतरला तो उतरलाच.

चहा झाल्यावर नामाशेठनं कपाटातून एक पुठ्ठ्याचा डबा काढला. डब्यात अंगठ्याएवढे जाड, तपकिरी चिरूट होते. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू विलासराव बोटीवर इंजिनियर होते. दर फेरीला ते मालकासाठी असा एक डबा आणत. चिरुटांवर पांढरी बुरशी चढली होती.

"असा बघा," नामाशेठ हळहळत म्हणाला. "पावसाल्यान बुरा येतं, उनाल्यान भुगा होतं. विलासराव बोलतान, भायेरच्या देशान यासाठी पेशल पेटी मिलते, लाकराची. इथं कुठं मिलाची?"

"एवढंच व्हय?" कोंडिबा म्हणाला. रंगूबाईनं त्याच्या दंडाला चिमटा काढला, पण तोवर तो पुढे गेला होता. "पेटी आमी देतो की! साखरपुड्याला टोपी-उपरण्याचा मान समदेच देत्यात. आमी चिरुटाची पेटी देऊ. उभा जन्म माल सांभाळण्यात गेलाय आमचा."

नामाशेठनं छातीवर हात ठेवला. "आयव! मंग तं मोठा मान झाला!" आणि का कोण जाणे, तो आत झोपाळ्याकडे बघून हसला.

परतीच्या बसमध्ये रंगूबाईनं विचारलं, "तुमी चिरूट कदी बघितलावता का?"

"आत्ताच बघितला की."

*

दुसऱ्या दिवशी हरेश विलासरावांचा निरोप घेऊन आला. "काका, टेन्शन नका घेऊ. पण पेटीचं जरा नीट बघावं लागेल. आतून सीडरचं लाकूड लागतं. आत खिळा नको, पॉलिश नको, सरसाचा वास नको. कसलाच दुसरा वास नको. झाकण एकदम फिट. आणि आत स्पंजचा तुकडा, डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेला."

"म्हंजी तंबाखू वली ठिवायची?"

"ओली नाही, काका. दमट."

"आन् वारा?"

"वारा अजिबात नको."

कोंडिबानं रणजीतकडं पाहिलं. "आरं, बिनवाऱ्याचा माल चार दिसांत नासतो."

"कांदा नासतो, आप्पा," रणजीत म्हणाला. "हा चिरूट आहे."

"माल त्यो माल," कोंडिबा म्हणाला. पण मुलीचा चेहरा पाहून चपला घालायला उठला.

रणजीत दिघ्याच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होता. तिथली एक लाकडाची वखार त्याला माहीत होती. बापलेक तिथं गेले. वखारवाल्या किसननं सीडर म्हटल्यावर लगेच फळी ओढली. "सीडर म्हणजे आपला देवदार. घ्या."

कोंडिबानं फळी नाकाला लावली. मग सागाची फळी नाकाला लावली. मग शिसवाची, मग आंब्याची. मार्केटात तो बटाट्याची गोणी न उघडता वासावर सांगायचा की आत एक तरी सडका आहे. इथं त्याला सगळ्याच फळ्यांत काहीतरी येत होतं.

"सागाला त्याल सुटंल," तो म्हणाला. "आंबा पाण्यानं वाकडा हुतोय. शिसवाचा वास डोस्क्यात जातोय."

"काका," किसन वैतागला, "तुम्हाला लाकूड पायजे का अत्तर?"

शेवटी देवदार घेतला. पेटी बनवायला गंगाराम सुतार होताच. तो कोंडिबाच्या गावचा, दिघ्यातच राहायचा. त्याच्या हातात सफाई होती, पण सगळं आयुष्य देव्हारे करण्यात गेल्यामुळं त्या हाताला दुसरं काही सुचायचं नाही. पेटी आली तेव्हा तिला चार बाजूंना चार खांब होते, पुढं महिरप होती आणि झाकणावर मधोमध कळस होता.

"गंगाराम, हे काय?"

"लई साधं दिसत हुतं, मुकादम. मन मानंना."

कळस कापून काढू, असं बापलेकांचं बोलणं चाललं होतं, तोवर रंगूबाईनं पेटी पुसली, आत लाल फडकं घातलं आणि फळीवरचे देव त्यात नेऊन बसवले. खंडोबा, अंबाबाई, बाळकृष्ण, सगळे. वर उदबत्ती लावली.

"आगं, ती चिरुटाची पेटी हाय!"

"असला देव्हारा दारात चालत आला आन् त्यात चिरूट ठिवू?" रंगूबाई म्हणाली. "आता देव बसल्यात. बसल्यालं देव उठवायचं नसत्यात."

यावर कोणाचंच काही चाललं नाही. नशीब एवढंच, की कोंडिबानं परीक्षा म्हणून फळीच्या उरलेल्या तुकड्यांत एक विडी दाबून ठेवली होती. ती ओढल्यावर त्याला डांबरगोळी पेटवल्यासारखं वाटलं. म्हणजे देवदार तसाही चालणार नव्हता. देवांची मात्र काही तक्रार नव्हती.

दुसरी पेटी कोंडिबाच्या डोक्यातून निघाली. "मालाला किडा लागायचा न्हाय असं लाकूड घ्या. कडुनिंब! गावाकडं धान्यात पाला घालतोच की आपण." गंगारामनं कडुनिंबाची पेटी केली. यावेळी कळस नव्हता, फक्त दोन मोर होते. कोंडिबानं त्यात दोन विड्या तीन दिवस ठेवल्या, मग ओट्यावर बसून एक पेटवली.

"कसं काय?" रणजीतनं विचारलं.

कोंडिबानं बराच वेळ तोंड वाकडं केलं. "कारलं वढल्यागत हाय."

ती पेटी रंगूबाईनं तूरडाळीला घेतली.

साखरपुडा जवळ येत चालला होता. उत्कर्षा ऑफिसातून आली की आधी विचारायची, "झाली का पेटी?" आणि नाही म्हटलं की जेवायला नको म्हणायची. रोज डबा खाताना हरेश तिला घरची खबर सांगायचा. आजी परवा काही बोलली नाही, काल काही बोलली नाही, आज तर झोपाळ्यावरसुद्धा बसली नाही. "माझंच नाव निघालं की आत जातात त्या," उत्कर्षा म्हणायची. "निदान ती पेटी तरी नीट द्या, आप्पा. नामाकाकांचं मन राखलं तर ते त्यांना समजावतील."

कोंडिबा पुन्हा वखारीत गेला. किसननं त्याला लांबूनच पाहिलं आणि नाक पुसायला रुमाल पुढं केला. पण यावेळी काम झालं. एक जुना बंगला पाडला होता, त्याच्या खिडक्यांचं तूनचं लाकूड आलं होतं. लालसर, हलकं, गोडसर वासाचं. हरेशनं तुकडा विलासरावांना दाखवला. विलासराव म्हणाले, तून चालेल, तो सीडरचा भाऊबंदच आहे.

"भाऊबंद?" कोंडिबाला जरा शंका आली. त्याच्या गावाकडं भाऊबंदांशी बांधावरून दोन पिढ्या बोलणं बंद होतं. पण विडीची परीक्षा उत्तम उतरली. तिला कसलाच वास लागला नाही, उलट थोडी सुधारल्यासारखी वाटली.

गंगारामला घरी बसवून, समोर पहारा ठेवून पेटी करून घेतली. खांब नाही, मोर नाही. झाकणावर फक्त एक कमळ, तेही त्यानं फार गयावया केली म्हणून. सांधे खिळ्याविना बसवले. झाकण लावलं की आतली हवा हळूच 'फुस्स' करून बाहेर पडायची. रणजीतनं बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाणी आणलं. रंगूबाई ते ॲसिड समजून, पाणी घरात येताना नातवाला घेऊन शेजारी जाऊन बसली. स्पंज ओला करून कोपऱ्यात बसवला. हरेश म्हणाला, "उद्या संध्याकाळी मी चिरूट आणून देतो. रात्रभर पेटीत मुरू दे. परवा साखरपुड्यात भरलेली पेटीच द्या."

उत्कर्षा त्या दिवशी दोन भाकऱ्या जेवली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे साडी घ्यायला गेले. घरात कोंडिबा आणि पेटी, दोघंच राहिले.

त्यानं आधी पेटीकडे लांबून पाहिलं. मग जवळ जाऊन पाहिलं. मग झाकण उघडलं. आतून उबट, दमट हवेचा एक श्वास त्याच्या तोंडावर आला.

कांद्याच्या मार्केटात त्या श्वासाचा एकच अर्थ होता. ताडपत्रीत गच्च बांधून आलेला ट्रक उघडला की असाच श्वास यायचा, आणि मग दिवसभर टोळी नाकाला फडकी बांधून माल उपसायची. कोंडिबानं झाकण लावलं. 'फुस्स' झालं. त्याला वाटलं, पेटीनं शेवटचा श्वास घेतला.

तो दारापर्यंत गेला, परत आला. बिजागऱ्या बसवायला गंगारामनं आणलेली हत्यारांची पिशवी कोपऱ्यातच होती. त्यातलं सगळ्यात बारीक गिरमिट कोंडिबानं काढलं. नीट, सरळ रेघेत, कांद्याच्या चाळीला ठेवतात तसं, दोन्ही बाजूंना त्यानं पेटीला वाऱ्याची वाट करून दिली. भुसा फुंकून टाकला. हात लावून वारा लागतो का पाहिलं. मग एखाद्याचा जीव वाचवल्यासारखं समाधान वाटून तो पडल्या पडल्या झोपी गेला.

उत्कर्षाच्या आवाजानं त्याला जाग आली.

"आप्पा, हे काय?"

"वारा," कोंडिबा उठत म्हणाला.

"वारा नको होता, आप्पा! वारा सोडून सगळं हवं होतं!" ती पेटी मांडीवर घेऊन खालीच बसली. "त्या आजी आधीच तोंड फिरवून बसल्यात. उद्या विलासराव सगळ्यांसमोर पेटी उघडणार. मुलीच्या बापाला एक पेटी धड करता आली नाही, असं होईल. माझं लग्न ह्या भोकांतून वाहून जाणार!"

"म्हातारपणी हाताला काय खाज सुटली तुमच्या?" रंगूबाई कडाडली.

कोंडिबाला पहिल्यांदा नीट कळलं की आपण काय केलं. तो म्हणाला, "बुजवू की." पण कशानं? गंगारामला बोलावलं. तो म्हणाला, सरस आणि भुसा भरू, पण वाळायला दोन दिवस, आणि वास आठवडाभर. मेणबत्ती ओतून पाहिली तर लाकडावर डाग पडला. रंगूबाईनं कणकेची गोळी लावून पाहिली. पाच मिनिटांत मुंग्या आल्या.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि उद्याच्या मसाल्याला आणलेली लवंगेची पुडी घेऊन आली. एक लवंग भोकात घातली. देठ आत बसला, फुलाची टोपी वर राहिली. दाराला पितळी फुली ठोकावी तशी दिसायला लागली.

"आई, वास!" उत्कर्षा म्हणाली. "कसलाच वास नको, असं सांगितलंय त्यांनी."

"मग भोकं ऱ्हाऊ देत?"

सगळे बसून लवंगा खोचायला लागले. पेटी दिसायला फार सुंदर झाली. गंगारामला तर आपण आयुष्यभर लवंगा का वापरल्या नाहीत याचं वाईट वाटलं. तेवढ्यात हरेश चिरूट घेऊन आला. त्यानं वास घेतला, उत्कर्षाचे डोळे पाहिले आणि "मस्त झालीय" म्हणून चिरूट पेटीत मांडून निघून गेला.

*

नामाशेठच्या गच्चीवर मांडव होता. दोन्हीकडची माणसं बसली होती, पण झोपाळ्यावरची बायजाबाई खालच्या खोलीतच होती. तोंडाला पदर गच्च गुंडाळून, भिंतीकडं तोंड करून.

"सकालपासून तोंडान पानी नाय घेतला," नामाशेठची बायको गोजरा रंगूबाईच्या कानात म्हणाली. "कोनाशी बोलत नाय. च्याय पन परत पाठवली. रुसलीय जबर."

हे कुजबुजणं मांडवभर फिरलं. भटजी कुंकवाचा करंडा हातात घेऊन जिन्याकडं बघत बसले. उत्कर्षा पाटावर बसली होती.

वेळ जावा म्हणून आधी मान उरकायचं ठरलं. कोंडिबानं पेटी नामाशेठच्या हातात दिली. लोकांनी "वा वा" केली. विलासराव पुढं आले, पांढऱ्या शर्टात, चष्मा पुसत. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मुकादम, ह्या लवंगा कशासाठी?"

"शोभा."

"आणि लवंगांच्या खाली?"

कोंडिबानं मान खाली घातली. "वारा."

विलासरावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "असू दे. वापरूनच कळतं. नामाशेठ, यातला एक पेटवा बघू. व्याह्यांचा मान आहे."

नामाशेठचा चेहरा पडला. "आता? नंतर बगू ना."

"नंतर कशाला? मी दोन वर्षं डबे आणून देतोय, पण तुम्हाला ओढताना एकदा पाहिलं नाही."

सगळे बघत होते. नामाशेठनं चिरूट घेतला, उलट्या बाजूनं तोंडात धरला, पेटवला आणि एक झुरका मारला. मग असा ठसका लागला की फेटा खाली पडला. गोजरा पाठीवर थापा मारत ओरडली, "जल्मान कदी विडी नाय पेटवली, आन आज चिरूट पेटवतंय!"

"विडीपण नाही?" विलासराव म्हणाले. "मग माझे चिरूट कोण ओढतं?"

नामाशेठ खोकत राहिला. त्याची नजर तेवढी जिन्याकडं गेली.

जिन्यात बायजाबाई उभी होती. धूर खालपर्यंत गेला असावा. तोंडाला पदर तसाच गुंडाळलेला होता. ती कोणाकडं न बघता सरळ पेटीपाशी आली. चिरुटांना तिनं हातही लावला नाही. पेटीच्या कडेची एक लवंग उपटली, पदर बाजूला सारून गालाच्या आत मागं कुठंतरी ठेवली आणि डोळे मिटले. मग दुसरी उपटली. मग तिसरी. रांगेतल्या लवंगा निघत गेल्या आणि कोंडिबाची भोकं एकेक करून उघडी पडत गेली.

"आये," नामाशेठ हळूच म्हणाला, "तू रुसलीस ना?"

"रुसू कनाला?" बायजाबाईनं एक डोळा उघडला. "दात ठनकतंय, पंधरा दिस झालं. तोंड उगडला का कल येतं. बोलली असती तं तुमी वाशीला नेऊन उपटून टाकला असता."

"मंग लवंग नाय का मागाची?"

"लवंग मागितली असती तं दात कललाच असता तुमाला!" तिनं चौथी लवंग गालात सारली. तोंड जरा सैल झालं, तसे शब्द मोकळे व्हायला लागले. "पोरगी कंची? ही ना? बगू बोलले, बगितली. चांगली हाय. बाप येडा हाय." तिनं पेटीच्या भोकातून बोट घालून पाहिलं. "चिरुटाच्या पेटीला खिरक्या केल्यान. पन घरान येक येडा लागतं."

कोंडिबाला हसावं की रागवावं हे कळेना, म्हणून त्यानं नमस्कार केला.

बायजाबाईनं करंडा ओढून घेतला आणि उत्कर्षाच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट जरा जोरातच दाबलं, त्यामुळं ते भुवईपर्यंत पसरलं. उत्कर्षानं ते पुसलं नाही. ती रडत होती आणि हसत होती, हरेश दुसऱ्या बाजूला नुसताच उभा राहून घाम पुसत होता. सनी रणजीतच्या खांद्यावर जागा झाला आणि मोठ्यानं ओरडायला लागला, म्हणून सनईवाल्यानं वाजवायला सुरुवात केली.

बायजाबाई खुर्चीवर टेकली. दोन वर्षं जी गोष्ट नामाशेठनं आपल्या नावावर घेऊन आईची लाज राखली होती, ती आता साऱ्या गावासमोर उघडी झाली होती, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं पेटीतून चिरूट काढला, टोक दातानं तोडलं, पेटवला आणि सावकाश धूर सोडला.

"विलासराव," ती म्हणाली, "यो पयल्यांदा बरा लागला. लवंगेचा. तुमी आनता ते सगलं फिक्कं."

विलासरावांनी पुढच्या ताटातला पेढा घेतला.

लग्न त्याच साली मार्गशीर्षात झालं. बायजाबाई २००१ च्या माघात, दुपारच्या झोपेत वारली. कोंडिबा २०११ च्या जूनमध्ये वारला.